डेंग्यूचा अहवाल वाचताना : पेशींच्या आकड्यापलीकडे

आमच्या रक्ततपासणी प्रयोगशाळेच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत आमच्याकडे सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "पेशी किती आल्या?" हा होय. पेशी म्हणजे प्लेटलेट. हा आकडा महत्त्वाचा आहेच. परंतु डेंग्यूमध्ये रुग्ण अत्यवस्थ होतो तो बहुतांश वेळा केवळ प्लेटलेट घटल्यामुळे नव्हे, तर रक्तातील द्रवभाग रक्तवाहिन्यांबाहेर झिरपल्यामुळे. म्हणून त्याच अहवालातील 'हिमॅटोक्रिट' किंवा 'पीसीव्ही' (एकूण रक्तात तांबड्या पेशींनी व्यापलेला भाग, टक्क्यांत) या ओळीकडेही आपण लक्ष द्यावे, अशी आमची विनंती आहे.

डेंग्यूच्या विषाणूमुळे, तसेच त्याविरुद्ध शरीराने दिलेल्या तीव्र प्रतिसादामुळे, केशवाहिन्यांचे आतले अस्तर सैल पडते आणि रक्तद्रव पोटाच्या व छातीच्या पोकळीत साचू लागतो. तांबड्या पेशी मात्र वाहिन्यांतच राहतात, त्यामुळे रक्त घट्ट होते. पहिल्या दिवशी ४० टक्के असलेला हिमॅटोक्रिट चौथ्या दिवशी ४८ झाला, तर ती २० टक्के वाढ होय. त्याच वेळी प्लेटलेट झपाट्याने उतरत असतील, तर द्रव झिरपत असल्याची दाट शंका घ्यावी लागते. सलाईन सुरू असल्यास किंवा आतून रक्तस्राव होत असल्यास हिमॅटोक्रिट कमी दिसू शकतो, म्हणून या आकड्याचा अर्थ डॉक्टरांनी रुग्णाला तपासूनच लावावयाचा असतो.

द्रव झिरपण्याचा हा टप्पा साधारणपणे आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान, नेमका ताप उतरू लागताना येतो आणि २४ ते ४८ तास टिकतो. ताप उतरला म्हणून घरचे निर्धास्त होतात, तपासणीही पुढे ढकलतात. आमच्या मते हीच सर्वांत घातक समजूत आहे. वाहिन्यांतील द्रव घटल्याने हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते, ती उणीव भरून काढण्यासाठी हृदय जलद धडधडते आणि हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात. त्यामुळे तळहात-तळपाय गार पडतात, तरीही वरचा रक्तदाब बराच वेळ जवळपास नेहमीसारखा दिसतो. बदल दिसतो तो दोन आकड्यांमधील अंतरात. ११०/७० असणारा रक्तदाब १००/८२ झाला, तर हे अंतर ४० वरून १८ वर आलेले असते. अंतर २० किंवा त्याहून कमी होणे हे शॉकचे (अवयवांना पुरेसा रक्तपुरवठा न होण्याच्या गंभीर अवस्थेचे) लक्षण मानले जाते, मग रुग्ण शुद्धीवर असून व्यवस्थित बोलत का असेना.

काही रुग्णांमध्ये हृदयाच्या स्नायूलाही सूज येते, ठोके अनियमित होतात किंवा ईसीजीमध्ये बदल दिसतात. बहुतेकांमध्ये हे सौम्य असते आणि आजाराबरोबर ओसरते. बरे होताना नाडी काही दिवस मंद राहणेही नेहमीचे आहे. याच काळात झिरपलेला द्रव पुन्हा रक्तात परततो, त्यामुळे गरज संपल्यावरही सलाईन चालू राहिल्यास फुप्फुसांत पाणी साचून धाप लागू शकते. "अजून एक बाटली लावाच" असा आग्रह नातेवाइकांनी धरू नये.

आधीपासून हृदयविकार असलेल्यांनी तापाच्या पहिल्याच दिवशी आपल्या डॉक्टरांना कळवावे. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल यांसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःहून बंदही करू नयेत आणि न विचारता चालूही ठेवू नयेत, विशेषतः स्टेंट बसवलेला असल्यास. मेटोप्रोलॉल किंवा ॲटेनोलॉल या हृदयाचे ठोके मंद ठेवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांची नाडी पुरेशी वाढत नाही, त्यामुळे ती साधारण दिसली तरी धोका टळला असे समजता येत नाही. तापासाठी डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल घ्यावी. आयबुप्रोफेन व डायक्लोफेनॅक टाळावे.

पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून वा नाकातून रक्त येणे, गुंगी किंवा बेचैनी, पाच-सहा तास लघवी न होणे, हातपाय गार पडणे यांपैकी काहीही आढळल्यास अहवालाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

सीबीसीसाठी (प्लेटलेट व हिमॅटोक्रिट दाखवणाऱ्या रक्तपेशींच्या तपासणीसाठी) उपाशीपोटी येण्याची आवश्यकता नाही. डॉक्टरांनी रोज तपासणी सांगितली असल्यास ती शक्यतो एकाच प्रयोगशाळेत करावी आणि आजारापूर्वीचा एखादा जुना अहवाल असल्यास सोबत आणावा, कारण आपला नेहमीचा हिमॅटोक्रिट त्यावरूनच कळतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास नमुना घेणाऱ्यास आधी सांगावे. सुई टोचलेली जागा अशा वेळी किमान पाच मिनिटे दाबून धरावी लागते.