पडद्यावरच्या बुद्धिमान यंत्राला माणसाचा देह कसा मिळाला

यंत्रे विचार करू शकतात का, हा प्रश्न ब्रिटिश गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी १९५० साली ‘माइंड’ या नियतकालिकात मांडला, तेव्हा त्यांनी यंत्राला मुद्दाम दुसऱ्या खोलीत ठेवले. परीक्षकाला समोरचा दिसू नये, त्याचा आवाजही ऐकू येऊ नये आणि केवळ टंकलिखित उत्तरांवरून माणूस कोण व यंत्र कोण हे त्याने ओळखावे, अशी त्या चाचणीची रचना होती. मानवी त्वचेसारखा हुबेहूब पदार्थ उद्या तयार करता आला, तरी विचार करणाऱ्या यंत्रावर असे कृत्रिम मांस चढवून त्याला अधिक मानवी बनवण्यात फारसे हशील नाही, असेही त्यांनी त्याच लेखात लिहिले आहे. चित्रपटाने त्याआधीच याच्या नेमका उलटा मार्ग धरला होता आणि पुढेही तो सोडला नाही. हे अज्ञानातून घडले असे म्हणणे सोपे आहे. पण मूळ कारणे विज्ञानाच्या समजुतीपेक्षा रंगभूमीच्या आणि कॅमेऱ्याच्या गरजांमध्ये आहेत, असे माझे मत आहे.

माणसासारख्या यंत्राची कल्पना अर्थातच फार जुनी आहे. ‘इलियड’ या प्राचीन ग्रीक महाकाव्यात देवांच्या लोहाराला आधार देत चालणाऱ्या सोन्याच्या दासी आहेत. सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त मयासुराची कन्या सोमप्रभा आपली मैत्रीण कलिंगसेना हिला लाकडी यंत्रपुतळ्या दाखवते, खुंटीला स्पर्श होताच एक आकाशमार्गे जाऊन फुलांची माळ घेऊन येते, दुसरी पाणी आणते, तिसरी नाचते आणि चौथी बोलते. तरीही चित्रपटाकडे ही कल्पना थेट पुराणकथांतून आली नाही. ती आली नाटकातून.

चेक लेखक कारेल चापेक यांचे ‘आर. यू. आर.’ हे नाटक जानेवारी १९२१ मध्ये प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात रंगले. त्यातले रोबो धातूचे नव्हतेच. कारखान्यात रासायनिक द्रव्यांपासून घडवलेले, दिसायला माणसासारखे असलेले ते कामगार होते. रंगमंचावर कृत्रिम जीव उभा करायचा तर नटाशिवाय दुसरे साधन नव्हते, हे एक कारण झाले; पण त्याहून महत्त्वाचे कारण नाटकाच्या आशयात होते. पहिल्या महायुद्धानंतरच्या युरोपात श्रम, मालकी आणि बंड यांविषयी बोलणाऱ्या या नाटकाला असा कामगार हवा होता, ज्याच्याकडे पाहताना प्रेक्षकाला खरा कामगार आठवेल. प्रश्न माणसांविषयीचा होता, म्हणून यंत्रही माणसाच्या रूपात आले.

त्या रूपाला धातूची कांती दिली फ्रिट्झ लांग यांच्या ‘मेट्रोपोलिस’ने. जानेवारी १९२७ मध्ये बर्लिनमध्ये प्रदर्शित झालेल्या या मूकपटातला यंत्रमानव वाल्टर शुल्त्से-मिटेनडॉर्फ या शिल्पकाराने घडवला. त्याने अभिनेत्री ब्रिगिटे हेल्म यांच्या शरीराचा प्लास्टरचा साचा घेतला, त्यावर लाकडाच्या भुकटीपासून बनवलेले आणि हवेत कडक होणारे लुकण थापून चिलखतासारखे भाग तयार केले आणि त्यांवर चंदेरी रंग फवारला. म्हणजे जगभर गाजलेले ते ‘धातूचे’ शरीर प्रत्यक्षात लाकडी लुकणाचे होते आणि त्याचे माप एका जिवंत स्त्रीच्या देहाचे होते. चित्रपटात हे रूप थोडाच वेळ दिसते. प्रयोगशाळेतल्या दृश्यात प्रकाशाची वलये त्याच्याभोवती वरखाली होतात, मारिया या नायिकेचा चेहरा त्याला मिळतो, आणि तिथून पुढे यंत्राचा सगळा भार हेल्म यांच्या अभिनयावर येतो. खरी मारिया आणि बनावट मारिया दोन्ही त्याच साकारतात. फरक दाखवण्यासाठी त्यांनी वापरले ते अर्धवट मिटलेली एक पापणी, मानेचे झटके आणि वाकडे हसू. शेवटी बनावट मारियाला जाळले जाते तेव्हाच कातडे जाऊन धातू पुन्हा दिसतो. पुढची कित्येक दशके चालू राहिलेले तंत्र इथे पूर्णपणे तयार झालेले आहे: यंत्रपण वेशभूषेत आणि हालचालीत दाखवायचे, मन मात्र नटाच्या चेहऱ्यावर.

१९५६ साली डार्टमथ महाविद्यालयातल्या उन्हाळी कार्यशाळेने कृत्रिम बुद्धिमत्ता हे नाव रूढ केले. त्याच वर्षी आलेल्या ‘फॉरबिडन प्लॅनेट’ या चित्रपटातल्या रॉबी या यंत्रमानवाला चेहरा नव्हता, पण दोन हात आणि दोन पाय होते, कारण आत माणूस उभा होता. ‘स्टार वॉर्स’मधला सोनेरी सी-थ्रीपीओ हा तर ‘मेट्रोपोलिस’च्या यंत्रमानवाचा उघड वारसदार आहे, आणि त्याच्याही आत अँथनी डॅनियल्स हे नट होते. पोशाखाच्या मर्यादा अशा रीतीने यंत्राच्या शरीररचनेचे नियम बनल्या.

ही परंपरा सर्वांत धीटपणे मोडली दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिक यांनी, १९६८ च्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’मध्ये. पटकथेच्या सुरुवातीच्या मसुद्यांत सॉक्रेटिस नावाचा चालता-फिरता रोबो होता. पडद्यावर आला तो हॅल ९००० हा अंतराळयानाचा संगणक: एक लाल भिंग आणि एक शांत आवाज. देह काढून टाकल्यावर माणूसपण कुठे ठेवायचे, हा प्रश्न कुब्रिक यांनी आवाजाने सोडवला. आधी मार्टिन बाल्सम यांच्या आवाजात संवाद ध्वनिमुद्रित झाले. ते बाजूला ठेवून कॅनडातले रंगभूमीवरचे अभिनेते डग्लस रेन यांची निवड झाली. हॅलची स्मृती एकेक कप्पा करून काढली जाते ते दृश्य पाहताना प्रेक्षकाला दिसते काय, तर तांबड्या उजेडातली अरुंद खोली, बाहेर सरकणारे पारदर्शक ठोकळे आणि अंतराळवीराच्या श्वासाचा आवाज. हॅल आपल्याला भीती वाटते असे सांगतो, आपले मन हरपत चालल्याचे सांगतो आणि हळूहळू खोल जाणाऱ्या आवाजात ‘डेझी बेल’ हे जुने गाणे म्हणतो. १९६१ साली बेल प्रयोगशाळेत आयबीएम ७०४ या संगणकाकडून हेच गाणे गाऊन घेतले होते. चित्रपटाचे सहपटकथाकार आर्थर क्लार्क यांनी ते तिथे ऐकले होते. चित्रपटातला सर्वांत हेलावून टाकणारा मृत्यू अशा पात्राचा आहे, ज्याला शरीरच नाही.

मग चेहऱ्याची गरज उरते का? फ्रिट्झ हायडर आणि मारियान झिमेल या मानसशास्त्रज्ञांनी १९४४ साली एक छोटी चलचित्रफीत प्रेक्षकांना दाखवली होती. तिच्यात दोन त्रिकोण, एक वर्तुळ आणि दार असलेला एक चौकोन एवढेच होते. जवळपास सर्व प्रेक्षकांनी तिचे वर्णन भांडण, पाठलाग आणि सुटका अशाच शब्दांत केले. सहानुभूतीसाठी मानवी आकार लागत नाही, हालचाल पुरते, असा त्याचा अर्थ होतो. पण दीड-दोन तासांच्या कथेत शंका, लाज, कपट यांच्या बारीक छटा दाखवायच्या तर कॅमेरा जवळ नेऊन पाहता येईल असे काहीतरी लागते, आणि चेहऱ्याइतके समर्थ असे काही चित्रपटाला अजून सापडलेले नाही. ‘हर’ (२०१३) या चित्रपटाने संगणकप्रणालीच्या नुसत्या आवाजावरच कथा पेलली, पण तिथेही आधी काम केलेल्या समॅन्था मॉर्टन यांच्या जागी नंतर स्कार्लेट जोहान्सन यांचा आवाज घेतला गेला. कॅमेरा त्या वेळी सतत हवाकीन फीनिक्स यांच्या चेहऱ्यावर होता, हे विसरून चालणार नाही.

संगणकीय दृश्यपरिणाम आल्यावर पोशाखाची अडचण संपली, तरी देह गेला नाही. २०१४ च्या ‘एक्स माकिना’मध्ये अलिसिया विकँडर यांनी यंत्रस्त्रीच्या भूमिकेत सेटवर प्रत्यक्ष अभिनय केला आणि मग संगणकावर दंड, पोट, मानेचा मागचा भाग इथे पारदर्शक यंत्रणा बसवली, चेहरा आणि हातांचे पंजे तसेच राखले. ती यंत्र आहे हे पाहणाऱ्याला आधीच ठाऊक असूनही त्याला तिच्यात मन दिसते का, अशी चाचणी त्या कथेत आहे. ट्युरिंग यांनी बंद केलेले दार इथे जाणीवपूर्वक उघडले आहे, म्हणून मानवी रूपाचा इतका विचारपूर्वक केलेला वापर मला दुसरीकडे क्वचितच दिसतो. एक गोष्ट मात्र खटकते. ‘मेट्रोपोलिस’पासून इथपर्यंत घडवणारा पुरुष आणि घडवलेली सुंदर स्त्री ही जोडी सुटत नाही, आणि या निवडीचे कारण यंत्रशास्त्रात शोधण्यात अर्थ नाही.

आपल्याकडे या देहाला आणखी एक कारण मिळाले, ते म्हणजे चित्रपटाचा ‘स्टार’ नट. दिग्दर्शक शंकर यांच्या २०१० च्या ‘एंदिरन’ या तमिळ चित्रपटात, जो हिंदीत ‘रोबोट’ या नावाने आला, शास्त्रज्ञ आणि त्याने स्वतःच्या रूपात घडवलेला चिट्टी या दोन्ही भूमिका रजनीकांत यांच्या आहेत. शेवटच्या संघर्षात चिट्टीच्या असंख्य प्रती एकमेकींना चिकटून प्रचंड गोळा होतात, साप होतात, राक्षसी पुतळा होतात. संगणकाच्या साहाय्याने यंत्राला वाटेल तो आकार देणे तोवर शक्य झाले होते आणि दिग्दर्शकाने तो दिलाही; पण त्या गोळ्यातल्या आणि सापातल्या प्रत्येक घटकाला चेहरा रजनीकांत यांचाच ठेवला.