डिजिटल पियानोचं पेडल घेताना नक्की बघायचं काय?

ऑनलाईन पेडलचे रिव्ह्यू वाचायला बसा, एक तक्रार हमखास सापडते. पेडल उलटं चालतं, दाबलं की सूर तुटतो आणि सोडलं की लांबतो, खराब माल पाठवला. अहो, माल खराब नसतो! पाय नसताना काही कंपन्यांच्या पेडलमधलं सर्किट जोडलेलं असतं, काहींचं तुटलेलं. बरेच पियानो ऑन होताना हे तपासून घेतात, त्यामुळे तेव्हा पेडलवर पाय असला तर त्यांचा उलटा समज होतो. ऑफ करा, पाय काढा, परत ऑन करा.

खरा प्रश्न वेगळाच आहे, हाफ पेडलचा, म्हणजे पेडल अर्धवट दाबून ठेवण्याचा. त्यासाठी खऱ्या पियानोच्या पोटात डोकवायला हवं. आत साधारण 230 तारा, आणि अगदी वरचे सूर सोडले तर प्रत्येक सुराच्या तारांवर फेल्टचा डँपर, म्हणजे तार गप्प करणारा ठोकळा, टेकलेला. पट्टी दाबली की त्या सुराचा डँपर उठतो, उजवं पेडल (आपण सुटं घेतो ते याचंच काम करतं) मात्र सगळेच एकदम उचलतं. मग न वाजवलेल्या ताराही अनुनादाने थरथरतात, म्हणजे खालचा 65 हर्ट्झचा सी वाजवला तर 131 चा सी, 196 चा जी, 262 चा सी असे पटीतले सूर आपोआप बोलायला लागतात, सतारीच्या तरफांत हेच घडतं. आता पेडल अर्धंच सोडा. फेल्ट तारांना जेमतेम घासतो, वरच्या बारीक तारांत ऊर्जा कमी म्हणून त्या लगेच गप्प होतात, पण खालच्या जाडजूड तारांना तेवढा स्पर्श पुरत नाही, त्या घुमत राहतात. खर्ज टिकला आणि वरची गर्दी साफ! पियानोतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच.

साधं पेडल म्हणजे नुसता स्विच, त्याला ही मधली अवस्था कळतच नाही. मिडीमध्ये, म्हणजे डिजिटल वाद्यांच्या संदेशांच्या भाषेत, डँपरसाठी 64 नंबरचा कंट्रोलर आहे, त्याची किंमत 0 ते 127, आणि स्विचवरून फक्त ही दोन टोकं मिळतात. ही मधली अवस्था ओळखणाऱ्या पेडलमध्ये (त्यालाही हाफ पेडलच म्हणतात) सहसा पोटेन्शिओमीटर, म्हणजे कमीजास्त होणारा रोध असतो, पाय जितका खाली तितकं व्होल्टेज बदलतं, पियानो ते मोजून मधल्या किमती काढतो आणि सूर किती वेगाने विरायचा ते ठरवतो.

प्लगवर एकच काळी रिंग असेल तर ते बहुतेक साधा स्विच. हाफ पेडलला सहसा तीन जोडण्या लागतात, म्हणजे दोन काळ्या रिंगा. पण पियानोनेही ते वाचायला हवं, म्हणून आधी मॅन्युअल बघा. यामाहा पी-45 ला एफसी3ए हे पेडल लावलं की हाफ पेडल मिळतं, कॅसिओ पीएक्स-एस1100 ला मात्र एसपी-34 हे तीन पेडलचं युनिटच लागतं. एका कंपनीचं हाफ पेडल दुसरीला चालेलच असं नाही, आतलं वायरिंग वेगळं असतं. आणि सोन्याचा मुलामा दिलेल्या प्लगने टोन गोड होतो असं कोणी सांगितलं तर एक रुपयाही जास्त देऊ नका, त्या वायरमधून आवाज जातच नाही.

तीन पेडलचं युनिट शिकाऊ माणसाला लगेच लागत नाही, मधलं आणि डावं पेडल सुरुवातीला क्वचितच वापरलं जातं. त्याचा एक फायदा खरा, स्टँडला स्क्रूने बसवलेलं असलं की ते सरकत नाही. सुटं पेडल गुळगुळीत फरशीवर पळतं, त्याखाली रबरी मॅट टाका.