सिडनीच्या कड्यावरून देवमासे बघायचे तर

सिडनीला लेकाकडे किंवा लेकीकडे जायचं तिकीट जून-जुलैचं निघालं, की घरात पहिली कुरकुर थंडीची होते. आपल्याकडे पाऊस कोसळत असतो तेव्हा तिकडे ऐन हिवाळा, त्यात पश्चिमेचा बोचरा वारा. पण शहराच्या दारावरून जाणारे देवमासे बघायचे असतील तर मुहूर्त हाच. अंटार्क्टिकाजवळच्या समुद्रात उन्हाळाभर क्रिल नावाच्या इवल्या, कोळंबीवजा जिवांवर ताव मारलेले हंपबॅक देवमासे विणीसाठी ग्रेट बॅरियर रीफच्या उबदार पाण्याकडे निघतात. मे महिन्यात ते सिडनीसमोर दिसू लागतात. जूनअखेरीला आणि जुलैच्या सुरुवातीला त्यांची वर्दळ सर्वांत जास्त असते. सप्टेंबर ते नोव्हेंबर हा परतीचा काळ.

म्हणजे वर्षातून दोनदा संधी मिळते. पण दोन्ही वेळी दिसणारं दृश्य सारखं नसतं. पूर्व ऑस्ट्रेलियन प्रवाह हा उबदार पाण्याचा प्रवाह या किनाऱ्यालगत उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतो. उत्तरेला निघालेल्या देवमाशांना तो अंगावर येतो. त्याचा जोर खोल पाण्याकडे जास्त आणि किनाऱ्याजवळ कमी, त्यामुळे देवमासे किनारा धरून पोहतात. परतताना तोच प्रवाह त्यांना पुढे ढकलतो, तेव्हा बरेचसे मोठे देवमासे दूरूनच निघून जातात. पिल्लं घेऊन येणाऱ्या माद्या मात्र किनाऱ्यालगत रमतगमत, मध्येच एखाद्या उपसागरात विसावत दक्षिणेला जातात. तेव्हा भरपूर देवमासे हवे असतील तर जून-जुलै, मायलेकरं बघायची असतील तर ऑक्टोबर.

पहिल्याच खेपेला होडीचं तिकीट काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी कडा गाठावा. पुळणीवर उभं राहिल्यावर क्षितिज जेमतेम पाच किलोमीटरवर असतं. ३० मीटर उंचीवरून तेच सुमारे २० किलोमीटर दूर सरकतं. शिवाय वरून बघताना लाटांच्या आड काही लपत नाही. कर्नेलचं केप सोलँडर आणि बंदराच्या तोंडावरचं नॉर्थ हेड ही त्यासाठी नावाजलेली ठिकाणं. केप सोलँडरवर स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं हिवाळाभर बसून देवमासे मोजले आहेत. किनारा पूर्वाभिमुख असल्यामुळे सकाळी सूर्य थेट डोळ्यांवर येतो आणि पाणी नुसतं चकाकतं. दुपारनंतर ऊन पाठीशी असतं. ज्या पश्चिमेच्या वाऱ्याला आपण नावं ठेवतो, तो जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, म्हणून किनाऱ्यालगत मोठ्या लाटा उठत नाहीत. वारा फारच वाढून पाण्यावर सगळीकडे पांढरा फेस दिसू लागला, तर मात्र घरी बसलेलं बरं.

दुर्बीण आठपट मोठं दाखवणारी पुरे. त्याहून जास्त ताकदीची हातात स्थिर राहत नाही. आणि ती आल्या आल्या डोळ्यांना लावू नका. आधी नुसत्या डोळ्यांनी फवारा शोधायचा. देवमासा समुद्राचं पाणी उडवतो असं पुष्कळांना वाटतं, पण तो असतो उच्छ्वास. फुप्फुसातली गरम, दमट हवा जोरात बाहेर पडते, तिच्यातली वाफ थंड होऊन बारीक थेंब होतात आणि नाकपुड्यांवरचं थोडं पाणीही त्यांच्याबरोबर उडतं. हंपबॅकचा फवारा तीनेक मीटर उंच जातो. इंग्रजी व्ही अक्षरासारखा दुभंगलेला फवारा दिसला आणि पाठीवर पर नसला, तर तो सदर्न राइट जातीचा. तो क्वचित दिसतो, त्यामुळे नशीब जोरावर समजा. फवारे सहसा लागोपाठ काही येतात, मग पाठीची कमान होते, शेपूट वर येते आणि देवमासा पाच-दहा मिनिटांसाठी दिसेनासा होतो. शेपटीच्या फटकाऱ्यांनी वर ढकललेल्या पाण्यामुळे पृष्ठभागावर तेल सांडल्यासारखे गुळगुळीत गोल उमटत राहतात. त्या गोलांच्या दिशेने नजर पुढे न्यायची, पुढचा फवारा बहुधा तिकडेच उठतो.

आज हे सारं इतकं सहज दिसतं, पण साठेक वर्षांपूर्वी इथे बघण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं. याच किनाऱ्यावरची टँगलूमा आणि बायरन बेची देवमासे कापणारी केंद्रं १९६२ मध्ये बंद पडली, ती मारायला देवमासेच न उरल्यामुळे. त्याआधीच्या दोन हंगामांत, १९५९ ते १९६१ मध्ये, सोव्हिएत जहाजांनी दक्षिणेच्या समुद्रात सुमारे २५,००० हंपबॅक मारले आणि जगाला खोटे आकडे दिले. पूर्व किनाऱ्याच्या कळपात काही शेच शिल्लक राहिले. १९६३ मध्ये संरक्षण मिळालं, आणि आता ही संख्या ४०,००० च्या वर गेली आहे. २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाने हंपबॅकचं नाव धोक्यातल्या प्रजातींच्या यादीतून काढलं. आपल्या अरबी समुद्रातल्या हंपबॅकांना हे भाग्य लाभलेलं नाही. ते अंटार्क्टिकाला जात नाहीत, बारा महिने इथेच राहतात, आणि ओमानच्या किनाऱ्यावर त्यांची संख्या शंभराच्या आत असल्याचा अंदाज आहे.

कड्याची सवय झाली, की मग होडी. न्यू साउथ वेल्सच्या नियमाप्रमाणे होडीने देवमाशापासून किमान १०० मीटर आणि पिल्लू सोबत असेल तर ३०० मीटर दूर राहायचं असतं. देवमासा आपणहून जवळ आला तर गोष्ट वेगळी. कुतूहल त्यालाही असतं. एवढा खर्च करायचा नसेल तर सर्क्युलर की या धक्क्याहून मॅनली उपनगराला जाणारी फेरी बोट आहेच. अर्ध्या तासाचा प्रवास, पुढे बसने नॉर्थ हेड. कधीमधी एखादा देवमासा बंदराच्या तोंडाशीही येतो, तेव्हा जाताना उजवीकडची बाकं धरा, खुला समुद्र त्या बाजूला लागतो.