फुप्फुस तरंगलं म्हणजे खून झाला का?

विहिरीत किंवा उकिरड्यावर अर्भकाचा मृतदेह सापडला की खटल्यातला पहिला प्रश्न ठरलेला: मूल जिवंत जन्मलं होतं का? या प्रश्नाचं उत्तर डॉक्टर बाळाची फुप्फुसं पाण्याच्या भांड्यात सोडून शोधत आले आहेत: तरंगली तर मुलाने श्वास घेतला, बुडाली तर नाही. १६८१ मध्ये जर्मनीत योहानेस श्रायर या डॉक्टरने बाळहत्येचा आरोप असलेल्या पंधरा वर्षांच्या एका मुलीच्या खटल्यात ही चाचणी केली. फुप्फुसं बुडाली, साक्ष मुलीच्या बाजूने गेली.

श्वास न घेतलेलं फुप्फुस यकृतासारखं घट्ट असतं. त्याचं विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेतला जडपणा; पाण्याचं १) १.०४ ते १.०५, म्हणून ते बुडतं. हवा भरली की ते ०.९४ च्या आसपास येतं आणि तरंगतं. आधी दोन्ही फुप्फुसं एकत्र पाण्यात सोडतात, मग वेगवेगळी, मग प्रत्येकाचे १२ ते २० तुकडे करून. तरंगणारे तुकडे फडक्यात दाबून पुन्हा सोडायचे. कुजण्यातून झालेला वायू दाबल्यावर निघून जातो, श्वासातली हवा मात्र पुरती निघत नाही. यकृताचाही एक तुकडा टाकतात; तोही तरंगला तर देह कुजलाय, चाचणी बाद.

तरीही फसगत होते. कुणी बाळाच्या तोंडात हवा फुंकली असेल तर मृत जन्मलेल्याचंही फुप्फुस तरंगतं. अपुऱ्या दिवसांचं मूल काही तास जगूनही फुप्फुस बुडू शकतं. लंडनचे प्रसूतितज्ज्ञ विल्यम हंटर यांनी १७८३ मध्येच बजावलं होतं की मूल अर्धवट बाहेर असतानाच श्वास घेऊन दगावू शकतं.

कायदा तोवर निर्दयच होता. १६२४ च्या इंग्लिश कायद्यानुसार अविवाहित आईने बाळाचा मृत्यू लपवला की तो खूनच. मूल मृत जन्मल्याचा साक्षीदार तिनेच आणायचा. गुपचूप बाळंत झालेली बाई साक्षीदार आणणार कुठून? १८०३ मध्ये तो रद्द झाला आणि जन्म लपवल्याबद्दल कमाल दोन वर्षांची कैद आली. तीच दोन वर्षं १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३१८ मध्ये उतरली, आज ती तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ९४ मध्ये आहेत. तिथे मूल जन्माआधी गेलं, जन्मताना की नंतर, याने फरक पडत नाही. म्हणजे या कलमासाठी पाण्याच्या भांड्याची गरजच नाही. सदोष मनुष्यवधासाठीही जिवंत मुलाचा एखादा भाग बाहेर आलेला असला तरी पुरतं, श्वास घेतलेलाच हवा असं नाही. चाचणी विचारते एक, कायदा विचारतो दुसरंच.

१८८१ मध्ये सुरतेत विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेला बाळहत्येसाठी फाशी सुनावली गेली. अपिलात काळं पाणी झालं, पुढे पाच वर्षांची शिक्षा. ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ (१८८२) लिहिली ती याच प्रकरणाच्या रागातून. पुण्यात जोतीराव फुल्यांनी १८६३ मध्येच गुपचूप बाळंत होण्यासाठी घर उघडलं होतं. खटला उभाच राहू नये, असा तो उपाय.

इंग्लंडने १९२२ मध्ये, मग १९३८ च्या कायद्याने, बाळंतपणामुळे मनाचा तोल गेलेल्या आईसाठी खुनापेक्षा सौम्य असा वेगळा गुन्हा ठरवला. आपल्याकडे तसं कलम नाही. एका बाजूला न्याय संहितेतल्या खुनाच्या कलम १०३ ची फाशी किंवा जन्मठेप, दुसऱ्या बाजूला कलम ९४ ची दोन वर्षं.