नायट्रसच्या गाडीला प्लग कुठला?

नायट्रसची गाडी म्हणजे जास्त ताकदीसाठी इंजिनात बाटलीतला नायट्रस ऑक्साइड वायू सोडणारी गाडी. तिला थंड स्पार्क प्लग लागतो. चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत कुठल्याही गॅरेजात ‘थंड प्लग’ म्हणून बघा. कुणीतरी सांगणारच की त्याची ठिणगी कमी गरम असते. ठिणगीचा इथे काही संबंध नाही. प्लगच्या टोकाची उष्णता किती लवकर निघून जाते, एवढाच प्रश्न आहे.

दोन प्लग शेजारी धरून तोंडातून आत बघा. मधल्या इलेक्ट्रोडभोवती पांढरं, चिनीमातीसारखं नाक दिसेल. एकात ते लांब, खोलवर गेलेलं असतं. दुसऱ्यात आखूड, लगेच धातूच्या कवचाला टेकलेलं. उष्णता या नाकातून कवचात, तिथून आट्यांवाटे सिलिंडर हेडमध्ये उतरते. वाट लांब असेल तर टोक तापलेलं राहतं, तो गरम प्लग. आखूड असेल तर थंड.

टोक साधारण ४५० ते ८०० अंश सेल्सिअसमध्ये राहावं लागतं. त्याखाली काजळी जळून जात नाही, प्लग काळा पडतो आणि गाडी मिसिंग करते. फार वर गेलं की लाल झालेलं टोक ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवतं. पिस्टन अजून वर चढतोय आणि वरून दाब येतोय! अशाने पिस्टनला भोक पडायला फार वेळ लागत नाही.

नायट्रस ऑक्साइड म्हणजे दातांच्या डॉक्टरांकडचा लाफिंग गॅस. तो स्वतः जळत नाही, पण त्यात वजनाने ३६ टक्के ऑक्सिजन असतो, हवेत २३. सुमारे ३०० अंशांना रेणू फुटतो, ऑक्सिजन मोकळा होतो आणि तेवढ्याच सिलिंडरात जास्त पेट्रोल जळतं. टोक तापतं ते म्हणून.

इंजिनाची ताकद वाढवून देणाऱ्या ट्यूनरांचा ढोबळ हिशोब असा: ७५ ते १०० हॉर्सपॉवर वाढली की प्लग एक पायरी थंड. एका पायरीने टोकाचं तापमान ७० ते १०० अंशांनी उतरतं. एनजीके कंपनीच्या प्लगवरचा आकडा वाढला की प्लग थंड, बॉश कंपनीच्या प्लगमध्ये नेमकं उलटं. त्यामुळे दुकानात नुसतं ‘सात नंबर द्या’ म्हणू नका. महागडा, इरिडियम धातूच्या टोकाचा प्लग घेतला म्हणजे प्लग थंड झाला असंही नाही. ठिणगी उडते ती दोन इलेक्ट्रोडमधली गॅपही थोडी कमी करावी लागते, कारण वाढलेल्या दाबात ठिणगीला उडी मारणं जड जातं.

सरसकट दोन पायऱ्या थंड लावणारेही असतात. मला ते पटत नाही. सागरी महामार्गावर एसटीमागे दुसऱ्या गिअरमध्ये रांगताना असा प्लग तापतच नाही, काजळी धरतो. शिवाय आपल्याकडे नायट्रस बसवून गाडी रस्त्यावर चालवणं कायद्यात बसत नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. हा खेळ ट्रॅकवरचा.

किनाऱ्यावर नायट्रसच्या बाटलीकडेही लक्ष हवं. नायट्रसचं क्रांतिक तापमान, म्हणजे ज्याच्या वर तो कितीही दाबला तरी द्रव राहत नाही ते, ३६.४ अंश आहे. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीची डिकी ते सहज ओलांडते. मग बाटलीत द्रव उरतच नाही, दाब ७२ बारच्या वर चढतो आणि इंजिनात नायट्रस सोडणाऱ्या बारीक छिद्रातून, म्हणजे जेटमधून, किती नायट्रस जाईल याचा हिशोब बिघडतो.

ट्रॅकवर एक पल्ला झाला की इंजिन बंद करून, निवल्यावर प्लग काढून भिंगाखाली धरा. नाक फिकट तपकिरी असेल तर ठीक. पांढरंफटक असून त्यावर बारीक चकाकते ठिपके दिसले, तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. तिथे आणखी थंड प्लग लावून भागत नाही. आधी पेट्रोल पुरेसं पडतंय का आणि ठिणगीचं टायमिंग मागे घेतलंय (ठिणगी थोडी उशिरा पडते) का, ते तपासायचं.