तीन हजारांचा टॅब आणि त्याला नसलेली स्क्रीन

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली त्या आठवड्यात आमच्या गणिताच्या मॅडम स्टाफरूममध्ये एक खोकं घेऊन आल्या. "सर, हा टॅब चालूच होत नाहीये. रात्रभर चार्जिंगला लावला होता." खोक्यातून निघाली एक काळी पाटी. वहीएवढी, पातळ, एका कडेला केबलचं भोक आणि सोबत एक पेन. मॅडमनी बटण शोधून शोधून पाहिलं होतं. काचेवरचं प्लास्टिक काढायचं राहिलं असेल म्हणून नखाने कोपरेही खरवडले होते. बटण नव्हतंच, आणि काचही नव्हती. जाहिरातीत पाटीवर जे रंगीत फूल दिसत होतं ते फोटोपुरतंच होतं.

यात मॅडमचं काही चुकलं असं मला वाटत नाही. विकत घ्यायला गेलं की मॅडमची ही पाटी, म्हणजे पेन-टॅब, आणि स्क्रीनवाला अँड्रॉइड टॅब या दोन्ही वस्तूंना टॅब्लेटच म्हणतात, दोन्हींसोबत पेन दिसतं, शोधलं की दोन्ही एकाच यादीत खालीवर येतात. एकाची किंमत तीन-चार हजार, दुसऱ्याची बारा हजारांच्या पुढे. शिक्षकाचा हात कुठे जाणार?

अँड्रॉइड टॅब म्हणजे मोठा फोन. त्याला स्वतःचं डोकं आहे, स्क्रीन आहे, बॅटरी आहे. पेन-टॅबला यातलं काहीच नाही. तो माऊसच्या जातीचा. कॉम्प्युटरला किंवा लॅपटॉपला जोडला तर उपयोगाचा, नाहीतर पोळपाटाखाली ठेवायला बरा. त्यावर लिहिलेलं त्याच्यावर उमटत नाही, लॅपटॉपच्या पडद्यावर उमटतं.

पण पेन मात्र अस्सल. पाटीच्या पोटात तारांची जाळी असते. तिच्यातून सौम्य चुंबकीय लहरी निघतात, पेनमधलं बारीक वेटोळं त्या झेलतं आणि परत पाठवतं. त्यावरून पेन नेमकं कुठे आहे आणि किती दाबलंय हे पाटीला कळतं. पेनला सेल लागत नाही, चार्जिंग लागत नाही. या तंत्रात नाव कमावलं ते १९८३ साली सुरू झालेल्या वॅकॉम या जपानी कंपनीने, आणि सॅमसंगने २०११ मध्ये गॅलॅक्सी नोट फोनसोबत जे पेन दिलं तेही याच घराण्यातलं. तेव्हा पेनाच्या बाबतीत दोन्ही टॅब मावसभाऊ असू शकतात. 'असू शकतात' म्हटलं, कारण प्रत्येक अँड्रॉइड टॅबला हे पेन चालत नाही. त्याकडे येतोच.

आधी पाटीचं. छोट्या पेन-टॅबची लिहायची जागा साधारण ६ इंच बाय ४ इंच असते, म्हणजे आपण स्टुडिओतून धुऊन आणायचो त्या फोटोएवढी. 'वन बाय वॅकॉम'च्या छोट्या पाटीत ती १५२ बाय ९५ मिलिमीटर आहे. एवढ्याशा जागेत अख्खी स्क्रीन बसवलेली असते. पाटीचा वरचा डावा कोपरा म्हणजे स्क्रीनचा वरचा डावा कोपरा. माऊस उचलून पुन्हा ठेवला तर बाण जागचा हलत नाही, इथे मात्र पेन जिथे टेकवाल तिथे बाण उडी मारतो. आणि नजर समोर, हात खाली. पहिले आठ-दहा दिवस आपलंच अक्षर बालवाडीतलं वाटतं.

इंग्रजी आणि आकडे लवकर जमतात. मराठी दमवते, आणि दमवते ती शिरोरेघेमुळे. आपण आधी अक्षरं लिहितो, मग हात उचलून शब्दाच्या सुरुवातीला परत जातो आणि डोक्यावरून रेघ मारतो. कागदावर हात कुठे आहे ते दिसत असतं, इथे दिसत नाही. मग रेघ कधी अक्षरांच्या गळ्यातून जाते, कधी वर तरंगत राहते. पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर बसते. मॅडमनी पहिल्या दिवशी 'त्रिकोण' लिहिलं ते पोरांनी वाचलं, पण हसत हसत. यावर माझा उपाय सोपा आहे: पार्श्वभूमीला दुरेघी वहीसारख्या रेघा घ्यायच्या आणि शिरोरेघ आधी ओढून अक्षरं तिला टांगायची. काहीजण शिरोरेघ सोडूनच देतात. बीजगणिताच्या तासाला ते खपून जातं. मराठीच्या बाईंनी तसं करू नये, मुलं लगेच उचलतात.

दुसरी अडचण प्रोजेक्टरची. पाटी साधारण ८:५ (रुंदी:उंची) या प्रमाणात असते आणि शाळांतले बरेच जुने प्रोजेक्टर ४:३ चे. नववीला वर्तुळ शिकवताना हाताने गोल काढला की भिंतीवर उभट अंडं. त्यात लॅपटॉप 'एक्स्टेंड'वर असेल, म्हणजे लॅपटॉप आणि प्रोजेक्टर या दोन वेगळ्या स्क्रीन धरल्या जात असतील, तर पाटी दोन्हींवर पसरते आणि वर्तुळाची आडवी भाकरी होते. विंडोजची कळ आणि पी एकत्र दाबून 'डुप्लिकेट' निवडायचं, मग पाटीच्या सेटिंगमध्ये प्रमाण कायम ठेवायचा पर्याय असतो तो चालू करायचा. पाटीची थोडी जागा वाया जाते, पण वर्तुळ वर्तुळ राहतं. 'ओपनबोर्ड' नावाचं फुकट सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाकलं तर त्यात कंपास, कोनमापक, पट्टी सगळं आहे, पाठ्यपुस्तकाची पीडीएफ उघडून तिच्यावरच लिहिता येतं आणि फळा कधी भरत नाही. आदल्या दिवशीचा फळा जसाच्या तसा परत काढता येतो. फळा पुसायच्या आत उतरवून घ्या म्हणून ओरडण्यात माझी पंधरा वर्षं गेली आहेत, म्हणून हे सांगतोय.

आता खऱ्या टॅबकडे. इथली फसगत वेगळी आहे, आणि महाग आहे.

दुकानात विचारलं, "यावर पेन चालतं का?" की उत्तर येतं, "चालतं की!" खोटं नसतं ते. रबरी टोकाची शंभर-दोनशे रुपयांची काडी कुठल्याही फोनवर चालते, कारण स्क्रीनला ती बोट वाटते. पण ती बोटाइतकीच जाड लिहिते, दाब ओळखत नाही, आणि तळहात टेकला की तोही बोटच समजला जातो. तळहात अधांतरी धरून ३५ मिनिटं लिहून बघा. समीकरणातला वर्ग, म्हणजे x च्या डोक्यावरचा छोटा २, काढताना खालचा x खोडला जातो का राहतो, एवढं दुकानातच करून पाहिलं तरी पुरे.

खरं पेन चालायला स्क्रीनखाली वेगळा थर लागतो, निदान त्या पेनशी बोलणारी यंत्रणा तरी लागते. ती नंतर बसवता येत नाही. एकाच कंपनीच्या टॅबमध्येही फरक असतो: २०२० मध्ये आलेल्या गॅलॅक्सी टॅब एस६ लाइटच्या खोक्यातच एस-पेन, म्हणजे सॅमसंगचं वर सांगितलेलं पेन, होतं, तर नंतर आलेल्या आणि दिसायला त्याहून मोठ्या टॅब ए९ प्लसवर एस-पेन चालत नाही. इथे नावात फरक काय तो 'एस' आणि 'ए' या एका अक्षराचा. आयपॅडचंही तसंच, तिथे कुठल्या आयपॅडला कुठली पेन्सिल याचं कोष्टकच पाठ करावं लागतं. म्हणून "पेन चालतं का" असं विचारू नका. "या टॅबचं कंपनीचं स्वतःचं पेन कोणतं, आणि केवढ्याला?" असं विचारा. समोरचा अडखळला तर ते पेन नाही, काडी आहे.

(२०११ चा 'आकाश', सरकारने आणलेला तो स्वस्त टॅब, आठवतो? दिल्लीत मोठ्या थाटात आला होता. त्याची स्क्रीन दाबावर चालायची, त्यामुळे नख, पेनाचं टोपण, काहीही चालायचं. 'काहीही टोकदार चालतं' हा समज बहुतेक तेव्हापासून आपल्या डोक्यात बसलाय.)

त्यानंतर केबल. टॅबला टाइप-सी भोक असतं, बाजारात टाइप-सी ते एचडीएमआय केबल मिळते, म्हणजे प्रोजेक्टरला जोडता येईल असं कुणालाही वाटेल. स्वस्त टॅबमध्ये बहुतेक वेळा तसं होत नाही. भोकाचा आकार नवा असतो, आतली यंत्रणा जुनी यूएसबी २.० ची. त्यातून चार्जिंग होतं, फायली जातात, चित्र जात नाही. वर सांगितलेला एस६ लाइटसुद्धा यातलाच, पेन उत्तम पण केबलने टीव्हीला जोडता येत नाही. मग उरतं बिनतारी. स्मार्ट टीव्ही असेल तर बहुतेक वेळा तो आणि टॅब एकाच वायफायवर हवेत, आणि वर्गात वायफाय म्हणजे सरांच्या मोबाइलचा हॉटस्पॉट. चित्र मागे पडतं, तुम्ही रेघ मारून झालात तरी टीव्हीवरची रेघ निम्म्यात असते. वर्गात लॅपटॉप असेल तर 'स्क्रीन कॉपी' प्रकारातली सॉफ्टवेअर आहेत, टॅब साध्या यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडून त्याचा पडदा तिथे दिसतो. चालतं छान. पण लॅपटॉप आहेच तर पंचवीस हजारांच्या टॅबऐवजी तीन हजारांची पाटी का नको, हा प्रश्न तिथेच उभा राहतो.

त्याचं उत्तर घरी मिळतं. पेन-टॅबचा घरी उपयोग शून्य, चित्रं काढत असाल किंवा फोटोवर काम करत असाल तर गोष्ट वेगळी. अँड्रॉइड टॅब मात्र संध्याकाळी सोफ्यावर येतो. बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ फुकट मिळतात, सरकारचं दीक्षा अ‍ॅप आहे, मुलांनी पाठवलेले गृहपाठाचे फोटो पेनाने तपासता येतात. ए-फोर कागदाचा कर्ण १४.३ इंच असतो. ११ इंची टॅबवर पुस्तकाचं पान जरा लहान होऊनही वाचता येतं, ८ इंची टॅबवर दर ओळीला चिमटीने मोठं करावं लागतं. स्वस्तात मस्त म्हणून ८ इंची घेतलेले तीन जण मला माहीत आहेत, तिघांचेही टॅब आता नातवंडांकडे आहेत.

सिनेमे, मालिका बघणार असाल तर खोक्यावर न छापलेली एक गोष्ट तपासा: 'वाइडवाइन एल१', म्हणजे सिनेमांची नक्कल रोखणाऱ्या कुलुपाची वरची पातळी, आहे का. नसेल, म्हणजे एल३ असेल, तर स्क्रीन कितीही चांगली असली तरी पैसे भरून घेतलेल्या ओटीटीचं चित्र साधारण ४८० ओळींतच, धुरकट दिसतं. रॅम ४ जीबीच्या खाली घेऊ नका. आणि शालार्थ, यूडायस या शाळांच्या सरकारी संकेतस्थळांवरची माहिती टॅबवर भरेन अशी स्वप्नं पाहू नका. ते काम लॅपटॉपवर, माऊसने, आणि शक्यतो इतर सगळे झोपल्यावर.

माझ्या मते निर्णय वर्गात आधीच काय आहे यावर घ्यावा. लॅपटॉप आणि प्रोजेक्टर किंवा टीव्ही असेल, लोकवर्गणीतून आलेला असो की स्वतःचा, तर पाटी घ्या. उरलेल्या पैशांत वाटल्यास घरासाठी साधा टॅब येईल, पेनाशिवाय. लॅपटॉप नाही, टीव्ही स्मार्ट आहे आणि खर्चाची तयारी २५ हजारांपर्यंत आहे, तर कंपनीचं पेन असलेला टॅब. लॅपटॉप नाही आणि हातात १२ हजारच आहेत, तर टॅब दाखवण्यापुरता घ्या आणि लिहायला खडू वापरा. त्या किमतीत लिहायचा हट्ट धरला की काडी मिळते. पेन-टॅब मोबाइलला जोडता येतो हेही कुणी सांगेल. काही पाट्या जोडता येतात, पण उभ्या मोबाइलसाठी पाटीची एक अरुंद पट्टीच कामाला येते, त्यात त्रैराशिकाच्या दोन ओळीही धड मावत नाहीत. ज्या पाटीला स्वतःची स्क्रीनही असते असा तिसरा प्रकार आहे, पण तो चित्रकारांसाठी, किमतीनेही तसाच, आणि त्यालाही लॅपटॉप लागतोच.

मॅडमनी पाटी परत करायचं ठरवलं होतं. मी म्हटलं, तुमच्या वर्गात लॅपटॉप आहे, पंधरा दिवस वापरून बघा. तिसऱ्या आठवड्यात त्या पुन्हा स्टाफरूममध्ये आल्या, या वेळी पेन घेऊन. टोक एका बाजूने झिजून तिरकं झालं होतं, पाटीवर खरखरत होतं. खोक्यात जादा टोकं असतात आणि ती उपटायला एक छोटी धातूची कडी असते, ती त्यांनी काडीपेटीतल्या कचऱ्यासारखी फेकून दिली होती. भुवया कोरायच्या चिमट्याने टोक ओढून काढलं, नवीन बसवलं. उरलेली चार टोकं आता त्यांच्या कंपासपेटीत खोडरबराखाली असतात.