छोट्या इंजिनात डिकोडर बसवताना

ग्वाल्हेरच्या जयविलास महालात जेवणाच्या टेबलावर धावणारी चांदीची आगगाडी पाहिली नाही, असा ग्वाल्हेरच्या लष्कर भागातला मराठी माणूस विरळाच. डब्यातली काचेची सुरई उचलली की ती थांबते. वीज मिळाली की चालायचं, तुटली की थांबायचं, एवढंच तिला कळतं.

साधी मॉडेल इंजिनंही याच तत्त्वावर चालतात. रुळांतल्या डीसीचे व्होल्ट वाढवले की वेग वाढतो, तारांची अदलाबदल केली की गाडी मागे जाते. त्याच रुळांवर दुसरं इंजिन ठेवलं, तर दोन्ही एकदमच सुटतात.

जर्मनीच्या लेंझ कंपनीने 1980च्या दशकात विकसित केलेल्या डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल) पद्धतीत रुळांवर सतत पूर्ण व्होल्टेज असतं, फक्त त्याची दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटत राहते. दिशा 58 मायक्रोसेकंदांनी उलटली तर तो '1', 100 किंवा अधिक मायक्रोसेकंदांनी उलटली तर '0'. या अंकांतून आधी इंजिनाचा पत्ता येतो, मग हुकूम, शेवटी चूक पकडणारा तपासणी-अंक. स्टेशनवरची घोषणा सगळे ऐकतात, पण ज्याची गाडी असेल तोच उठतो. इंजिनात बसवलेल्या, हे हुकूम वाचणाऱ्या छोट्या सर्किटचं, म्हणजे डिकोडरचंही तसंच. हुकूम आपला असेल तर तो रुळांतली वीज आधी सरळ, म्हणजे एकाच दिशेची, करून घेतो आणि मग बारीक तुकड्यांत मोटरला देतो.

वीज आणि हुकूम एकाच वाटेने येत असल्यामुळे बसवणीचा सगळा जीव एका गोष्टीत आहे: रूळ आणि मोटर यांच्यात डिकोडरखेरीज दुसरा कुठलाही दुवा उरता कामा नये. जुन्या छोट्या इंजिनांत नेमकं उलट असतं. धातूची चासी दोन फाकांची असते, प्रत्येक फाक एकेका बाजूच्या चाकांकडून वीज घेते आणि मोटरचे ब्रश (तिला वीज पोचवणारे स्पर्शक) थेट या फाकांना टेकलेले असतात. ते सोडवून मधे वीजरोधक कॅप्टॉन टेप लावावी लागते. मग मल्टिमीटरचं एक टोक ब्रशला, दुसरं चाकाला. बझर वाजला तर डिकोडर जोडूच नये. रुळांतली वीज त्याच्या मोटरकडच्या टोकांत उलटी शिरते आणि तो क्षणात जळतो.

तारांचे रंग ठरलेले आहेत. लाल आणि काळी रुळांकडे, नारिंगी आणि करडी मोटरकडे. पांढरी पुढच्या दिव्याला, पिवळी मागच्या, निळी दोघांची सामाईक धन तार. एलईडी असेल तर वाटेत साधारण 1 किलोओहमचा रेझिस्टर हवाच. डाग देताना (सोल्डर करताना) तार आधी कथिलात भिजवून घ्यावी, म्हणजे सोल्डरिंगची सळई सेकंदभर टेकली तरी पुरते. फार वेळ धरली तर पातळ तारेवरचं प्लास्टिक मागे सरकतं आणि उघडी पडलेली तार शेजारच्या तारेला चिकटते.

आमच्याकडे अनेकांना ग्वाल्हेर-श्योपूरची नॅरोगेज गाडी साकारायची हौस असते. ती 2020 पर्यंत 2 फुटी मार्गावर धावत होती. 1:76 प्रमाणात हा मार्ग 8 मिलिमीटरचा होतो, म्हणून तयार मिळणारे 9 मिलिमीटरचे रूळ चालवून घेतात. एवढ्याशा इंजिनात डिकोडरसाठी चासी घासावी लागते, पण वजन घटलं की चाकं घसरतात. त्यामुळे गरजेपुरतंच घासावं. डिकोडर टेपमध्ये पूर्ण गुंडाळूही नये. मे महिन्यातल्या ग्वाल्हेरात बंद कवचात तो चांगलाच तापतो. लू सुटली की रुळांवर धूळ बसते, क्षणभर संपर्क तुटतो आणि डिकोडर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. डिकोडरमध्ये सोय असेल तर तेवढ्या क्षणापुरती वीज साठवणारा कपॅसिटर जोडावा.

पहिली चाचणी प्रोग्रामिंगच्या, म्हणजे डिकोडरमध्ये आकडे भरण्याच्या, वेगळ्या रुळावरच घ्यावी. तिथे वीज मोजून मापून मिळते, म्हणून जोडणी चुकली असली तरी डिकोडर बहुधा वाचतो. डिकोडर 'मिळालं' हे सांगण्यासाठी सुमारे 6 मिलिसेकंद जास्त वीज ओढतो, बहुधा मोटरमधूनच, त्यामुळे इंजिन किंचित हलतं. उत्तर आलं नाही, तर आधी मोटरच्या तारा तपासाव्यात. नव्या डिकोडरचा पत्ता 3 असतो. तो सीव्ही 1 मधून बदलावा (सीव्ही म्हणजे डिकोडरमधला बदलता येणारा, क्रमांक दिलेला आकडा). सीव्ही 3 वेग घेण्याचा अवधी ठरवतो, सीव्ही 4 थांबण्याचा. नॅरोगेजच्या गाडीला दोन्हीकडे मोठे आकडेच शोभतात.